मनीची वही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जुन्या बांधणीचे एक कौलारू घर आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर आणि मागे परडे. परड्यात तुळशीवृंदावन व त्याच्या शेजारी शेवग्याचे झाड. या घरात आजी, आई, वडील, बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे राहत. मुलीला घरात सारे 'अक्का' म्हणत आणि भावाला 'धाकटा'. परंतु घरात माणसे किती, असे कोणी धाकट्याला विचारले, की तो न चुकता "सहा" म्हणून सांगे. सहावी म्हणजे मनी मांजरी.

मनी वयाने अक्कापेक्षा मोठी होती. अक्काच्या जन्माआधी तीन वर्षे वडील एका संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेले होते. तेथे म्हशींच्या पायांत घोटाळणारे एक करड्या रंगाचे पिलू त्यांना दिसले. तुडवले जाईल या भीतीने त्यांनी ते रुमालात गुंडाळले आणि घरी आणले. तेव्हापासून पंधरा वर्षे मनीने या घरावर राज्य केले. कोल्हापुरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि पंचगंगेकाठच्या वस्तीतील नातलग या घरी आसऱ्याला आले, तेव्हा गर्दीचा राग येऊन ती माळ्यावर जाऊन बसली. पाणी ओसरून पाहुणे परतले तेव्हाच महाराणी खाली उतरल्या. मांजराची पंधरा वर्षे म्हणजे माणसाची पंचाहत्तरी. आजीचेही वय तेच. "आम्ही दोघी एका पाठीच्या," असे आजी कौतुकाने म्हणे. दुपारी जेवणे आटोपली, की या दोघी वृंदावनाच्या पायरीवर उन्हाला बसत. एकीच्या हातात जपमाळ असे, दुसरीचे डोळे मिटलेले असत.

मार्च महिन्यात मनीची तहान वाढली. आपल्या वाटीतील पाणी संपवून ती मोरीतल्या गळक्या नळाखाली जाऊन बसू लागली. "ऊन किती तापतंय! मुक्या जिवाला तहान लागायचीच," असे आजी म्हणाली आणि ते सर्वांना पटले. उन्हाळ्यात मांजराने पाणी पिणे यात नवल ते काय? हीच समजूत फसवी ठरली. खरी खूण प्रथम धाकट्याच्या ध्यानी आली. तीही कौतुकाने नव्हे, तक्रारीने. मनीच्या वाळूची पाटी साफ करणे हे त्याचे काम होते. पूर्वी पाटीत रोज ओल्या वाळूची दोन ढेकळे निघत. आता पाच-सहा निघू लागली. "मी एकट्यानं किती वेळा वाळू बदलायची?" असे तो कुरकुरला. आईने त्याला दटावले, परंतु अक्का विचारात पडली. तिने मनीला उचलून घेतले. हाताला पाठीचा कणा टोचला. सदा चकचकीत असणारी लव राठ आणि विस्कटलेली होती. मांजर रोगी झाले, की अंग चाटून स्वच्छ करण्याचा आपला नित्यनेम सोडते. शिवाय तिच्या तोंडाला पूर्वी कधी नसलेली एक उग्र दुर्गंधी येत होती.

दुसऱ्याच दिवशी झाकणाच्या वेताच्या टोपलीत घालून मनीला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी प्रथम तिला काट्यावर ठेवले. दोन वर्षांपूर्वी लस टोचतेवेळी तिचे वजन चार किलो दोनशे ग्रॅम होते. आता ते दोन किलो नऊशे भरले. त्यांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. निरोगी मांजराची कातडी तत्काळ पूर्ववत होते. मनीची मात्र क्षणभर तशीच उभी राहिली. अंगातील पाणी आटल्याची ही खूण होय. मग त्यांनी रक्ताचा व लघवीचा नमुना घेतला. रक्तात 'क्रिएटिनिन' नावाचे द्रव्य किती साचले आहे, यावरून मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते कळते. मनीच्या रक्तात त्याचा आकडा ३.६ आला. या रोगाच्या चार पायऱ्या पशुवैद्यकशास्त्राने ठरविल्या आहेत. मनी तिसऱ्या पायरीवर होती.

"म्हणजे काय झालंय तिला?" अक्काने विचारले.

पशुवैद्य वयस्क आणि शांत वृत्तीचे होते. ते म्हणाले, "बाळ, तू गुऱ्हाळ पाहिलं आहेस का?"

कोल्हापूरच्या मुलीला हा प्रश्न विचारायची आवश्यकता नव्हती. अक्काने मान हलविली.

"समज, एका गुऱ्हाळात दहा गडी आहेत. त्यांतले एकेक करून सात गडी सोडून गेले. उरलेल्या तिघांनी रात्रंदिवस खपून काहील चालू ठेवली. गुळाच्या ढेपा निघत राहिल्या, म्हणून मालकाला काही कळलंच नाही. एके दिवशी त्या तिघांतलाही एक थकून खाली बसला आणि सगळा कारभार तुंबला. मनीच्या पोटात हेच घडलं आहे."

पशुवैद्यांचा हा दृष्टान्त समजण्यासाठी मूत्रपिंडांची रचना थोडी जाणून घेतली पाहिजे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, घेवड्याच्या बीच्या आकाराची ही दोन इंद्रिये असतात. त्यांना वृक्क असेही म्हणतात. त्यांच्यात अतिसूक्ष्म गाळण्या असतात. माणसाच्या एका मूत्रपिंडात त्या सुमारे दहा लाख, तर मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे दोन लाख असतात. रक्त या गाळण्यांतून जाते. गाळून आलेल्या पाण्यातील उपयोगी द्रव्ये आणि बहुतेक सर्व पाणी शरीर परत घेते. टाकाऊ द्रव्ये थोड्या पाण्यासह मूत्ररूपाने बाहेर पडतात. वय झालेल्या मांजरांत या गाळण्या हळूहळू निकामी होत जातात. असे का होते, हे पुष्कळदा कळतच नाही. सुमारे दोन-तृतीयांश गाळण्या नष्ट होईपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे मात्र उरलेल्या गाळण्यांना पाणी परत घेण्याचे काम झेपेनासे होते; ते तसेच वाहून जाते आणि म्हणून तहान लागते. मनी पुष्कळ पाणी पीत होती म्हणून तिला पुष्कळ लघवी होत होती, असे नव्हे; क्रम अगदी उलटा होता. हे न उमजल्यामुळे काही लोक अशा मांजराचे पाणीच तोडतात. त्यासारखा दुसरा घात नाही.

येथे मांजराच्या कुळाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. आपली घरमांजरे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजरांपासून उत्पन्न झाली. कोरड्या, वालुकामय प्रदेशात राहणारे ते प्राणी. शिकारीच्या मांसातील ओलाव्यावरच त्यांचे बरेचसे भागे, आणि मिळालेला थेंब न थेंब राखण्यासाठी त्यांची मूत्रपिंडे विलक्षण समर्थ झाली. पुढे माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेला मांजराचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. ते दफन सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. इतक्या जुन्या सोबतीत मांजराने माणसाच्या पुष्कळ सवयी उचलल्या, परंतु बेताने पाणी पिण्याची आपली सवय सोडली नाही. म्हणून मांजर एकाएकी पाण्याच्या भांड्याशी बसून राहू लागले, तर ऋतू कोणताही असो, तिकडे लक्ष द्यावे.

"ती बरी होईल ना?" धाकट्याने विचारले.

"गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत," पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले. "उरलेल्या जपायच्या. जपल्या तर काही महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षंही ती सुखानं काढील. पण मला रोज तिला पाहता येणार नाही. ते काम तुमचं. एक वही घाला."

त्याच संध्याकाळी अक्काने जुन्या वहीची कोरी पाने शिवून नवी वही तयार केली. तिच्यात रकाने आखले: पाणी, अन्न, उलटी, वाळूतील ढेकळे आणि दर रविवारी वजन. रकाने आखणे सोपे होते. ते भरणे मात्र कठीण होऊन बसले. मनी किती पाणी पिते हे मोजायचे कसे? अक्काने सकाळी मोजून तीनशे मिलिलिटर पाणी निरनिराळ्या वाट्यांत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे, असे ठरविले. त्यावर धाकट्याने शंका काढली, "आणि वाटीतलं पाणी उन्हानं आटलं तर?" शंका बिनतोड होती. मग मनी पोहोचणार नाही अशा फडताळावर पाण्याची आणखी एक वाटी ठेवली. त्या वाटीत जेवढे कमी होई, त्या मानाने प्रत्येक वाटीमागे वजा करायचे. हिशेब असा निघाला, की मनी दिवसाला सुमारे अडीचशे मिलिलिटर पाणी पिते. तिच्या वजनाच्या निरोगी मांजराला दीडशेहून अधिक क्वचितच लागते.

वजनाचे त्रांगडे याहून मोठे होते. अक्काने मनीला कडेवर घेऊन घरातील वजनकाट्यावर उभे राहायचे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करायचे, असे दोन आठवडे केले. परंतु त्या काट्याला पन्नास-शंभर ग्रॅमची दादच नव्हती, आणि मनीच्या बाबतीत तर तेवढ्यालाच महत्त्व होते. शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याने आपला काटा देऊ केला. दर रविवारी दुकान उघडताच आधी रिकामी टोपली आणि मग मनीसह टोपली काट्यावर चढे. "गुळाच्या ढेपेपेक्षा ही शहाणी; हलत नाही," असे वाणी म्हणे. काट्यावर तो आधी स्वच्छ कागद अंथरी आणि नंतर काटा पुसून घेई. परंतु त्याने कधी एकदाही कंटाळा दाखविला नाही.

आता अन्नाचा प्रश्न. मांस, हाडे, मासळी आणि दूध यांत फॉस्फरस पुष्कळ असतो. निरोगी मूत्रपिंडे जास्तीचा फॉस्फरस बाहेर टाकतात. रोगट मूत्रपिंडांना ते जमत नाही. तो रक्तात साचतो आणि उरल्यासुरल्या गाळण्यांचाही नाश करतो. म्हणून अशा मांजरांसाठी फॉस्फरस कमी असलेले, पाणीदार अन्न मुद्दाम तयार केलेले मिळते. पशुवैद्यांनी ते दिले आणि बजावले, "एकदम बदल करू नका. जुन्या अन्नात थोडं थोडं मिसळत जा. ती रुसली म्हणून तिला उपाशी ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, की त्याच्या यकृतात चरबी साचते आणि नवंच संकट उभं राहतं. योग्य अन्न न खाण्यापेक्षा दुसरं काहीतरी खाल्लेलं बरं."

मनीने नव्या अन्नाचा वास घेतला आणि जमीन उकरून ते पुरून टाकण्याचा आविर्भाव केला. मांजराच्या भाषेत याहून स्पष्ट अभिप्राय नाही. अन्न किंचित कोमट केले, की त्याला वास सुटतो. वृद्ध मांजराचे नाक मंद झालेले असते, म्हणून या वासाचा उपयोग होतो. अक्काने कोमट अन्नाचा एक कण आपल्या बोटाला लावून तिच्या ओठांशी धरला. पहिल्या आठवड्यात चमचाभर, दुसऱ्यात दोन चमचे, असे करत तीन आठवड्यांनी मनी ते अन्न खाऊ लागली. वहीतील वजनही थोडे सरकले. तीन किलो.

तरीही उलट्या थांबेनात. एके रात्री अक्का वही चाळत बसली होती. तिने उलटीच्या दिवसांभोवती लाल खुणा केल्या आणि ती चपापली. खुणा वाटेल तशा विखुरलेल्या नव्हत्या. त्या रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे, आणि बुधवारी रात्री किंवा गुरुवारी पहाटे अशाच पडल्या होत्या. रविवार आणि बुधवार हे या घरी मटणाचे वार. त्या दिवशी चुलीवर तांबडा आणि पांढरा रस्सा शिजे, आणि त्या दिवशी आजी जेवायला सर्वांच्या मागून बसे.

अक्का कोणाला काही बोलली नाही. पुढच्या रविवारी ती पाणी पिण्याच्या निमित्ताने माजघरात आली. आजी पाटावर बसली होती. तिच्या ताटाच्या कडेला, पदराच्या आड, बशीत पांढऱ्या रश्श्यात कुस्करलेले मटण होते आणि मनी ते चाटून पुसून खात होती.

आजीने वर पाहिले. ती रागावली नाही, लाजलीही नाही. ती म्हणाली, "दात पडले, डोळे मंदावले, उडी मारवत नाही. आता जिभेची चवही काढून घ्यायची का तिची? मला मीठ बंद केलंत, लोणचं बंद केलंत. मी गप्प बसले. मला बोलता तरी येतं. तिनं कोणाला सांगायचं?"

अक्काजवळ याचे उत्तर नव्हते. आजीचे म्हणणे अगदीच खोटे आहे, असे तिला वाटेना. ती वही घेऊन आली आणि आजीच्या शेजारी बसली. चवथीपर्यंत शिकलेल्या आजीने चष्मा लावून बोटाने एकेक ओळ वाचली. लाल खुणांवरून तिचे बोट जसजसे पुढे सरकू लागले, तसतसे ते मंदावले.

"हे सारं माझ्या हातानं?" तिने विचारले.

रश्श्यातील कांदा-लसूण मांजराला माणसासारखा मानवत नाही. त्यामुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मूत्रपिंडे बिघडलेल्या मांजराच्या अंगात तर रक्त आधीच कमी असते; कारण नवे रक्त तयार करण्याचा हुकूम मूत्रपिंडांकडूनच सुटतो. शिवाय मीठ आणि मटणातला फॉस्फरस. कोल्हापूरच्या ज्या रश्श्याची ख्याती दूरवर पसरली आहे, तो मनीला विषासमान होता. परंतु आजीची बाजूही पशुवैद्यांनी ऐकून घेतली, आणि हे त्यांचे मोठेपण होय. त्यांनी तोड सुचविली: कोंबडीचा तुकडा नुसत्या पाण्यात शिजवावा, मीठ नको, कांदा-लसूण नको, त्या पाण्याचा एक चमचा मनीच्या अन्नावर घालावा. तेव्हापासून रविवारी व बुधवारी चुलीवर आधी मनीचे लहान पातेले चढू लागले. तो चमचा घालण्याचा मान आजीचा. लाल खुणा विरळ झाल्या.

औषधांच्या बाबतीतही एक प्रसंग थोडक्यात टळला. एकदा मनी मलूल होऊन पडली असता धाकट्याने घरातील तापाच्या गोळीचा कपटा तिला देण्यासाठी फोडला. आईने त्याचा हात वेळीच धरला. ज्या पॅरासिटामॉलने माणसाचा ताप उतरतो, त्याची थोडीशी मात्राही मांजराचा जीव घेते; कारण ते पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नाही. लिलीच्या काही जातींची फुले, पाने, इतकेच काय पण परागदेखील मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करतात. माणसाचे औषध आणि माणसाचा पुष्पगुच्छ ही दोन्ही मांजरापासून दूर बरी.

पावसाळा लागला आणि मनीची कातडी पुन्हा चिमटीत उभी राहू लागली. पिऊन पुरेनासे झालेले पाणी आता कातडीखाली देणे भाग होते. यासाठी वापरतात त्या द्रावणाला रिंगर लॅक्टेट म्हणतात. या नावामागे मोठी मौजेची हकीकत आहे. सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर १८८० नंतरच्या काही वर्षांत लंडन येथे बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होते. मिठाच्या द्रावणात ठेवलेले हृदय तासन्‌तास धडधडत राही. पुढे असे उघडकीस आले, की त्यांच्या साहाय्यकाने शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले होते. शुद्ध पाणी घेताच हृदय बंद पडले! नळाच्या पाण्यातील चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, हृदयाला आवश्यक आहे, हे त्या चुकीतून जगाला कळले. त्या द्रावणात लॅक्टेटची भर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी १९३० नंतरच्या दशकात घातली. एका साहाय्यकाच्या आळसाचे फळ असे मनीपर्यंत पोहोचले.

सुई टोचण्याचे काम वडील करणार, असे ठरले होते. वडील तालमीत घुमलेले गडी. परंतु सुई पाहताच त्यांच्या हाताला कंप सुटला. तेव्हा आईने पदर खोचला. तिने हात धुतले, बाटली कोमट पाण्यात ठेवून गार लागणार नाही इतपत ऊन केली आणि ती भिंतीवरच्या खुंटीला टांगली. मनीला मांडीवर घेतले. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी वर उचलून पशुवैद्यांनी शिकविल्याप्रमाणे सुई आत सारली. मनी एकदा गुरगुरली, मग गप्प बसली. शंभर मिलिलिटर द्रावण आत जाईपर्यंत तिच्या पाठीवर लिंबाएवढा फुगा आला. थोड्या वेळाने तो खाली ओघळून एका पायापाशी लोंबू लागला, तेव्हा धाकटा घाबरला; परंतु संध्याकाळपर्यंत शरीराने ते पाणी शोषून घेतले. दर तिसऱ्या दिवशी हा कार्यक्रम होई. प्रत्येक वेळी सुई नवी, आणि जागा किंचित सरकवलेली.

याच सुमारास अक्काने वहीत स्वतःच्या मनाने एक नवा रकाना आखला. त्याचे नाव 'ऊन'. मनी आपण होऊन वृंदावनाच्या पायरीवर जाऊन बसली, तर 'घेतले'. नाही तर 'नाही'. आषाढात कोल्हापुरात सूर्यच रजेवर असतो, त्यामुळे तो रकाना बरेच दिवस कोरा राहिला. श्रावणात उन्हे पडू लागली आणि तो भरू लागला. पशुवैद्यांनी वही तपासताना त्या रकान्यावर बोट ठेवले.

"हे काय?"

"ज्या दिवशी ती उन्हाला जाते, त्या दिवशी तिला बरं वाटत असतं," अक्का म्हणाली.

पशुवैद्य काही वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. "हे कोणत्याही यंत्रानं मोजता येत नाही," ते म्हणाले. "हा रकाना मोडू नकोस."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. फेब्रुवारीत मनीचे वजन दोन किलो तीनशेवर आले आणि क्रिएटिनिनचा आकडा पाचाच्या पुढे गेला. ही शेवटची पायरी. वडील अस्वस्थ झाले. मुंबईला, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे काय, असे त्यांनी विचारले. १८८६ पासून तेथे पशुवैद्य घडविले जात आहेत. कोल्हापूरचे हे पशुवैद्यही तेथेच शिकलेले. ते म्हणाले, "चांगली जागा आहे, माझ्या गुरूंची. पण सगळा दिवस टोपलीत बसून जायचं, परक्या जागेत पिंजऱ्यात राहायचं. तिथंही पाणी आणि औषध हेच. नेणं न नेणं तुमच्यावर. माझी मांजरी असती तर मी नेली नसती."

मग त्यांनी आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट सांगितली. मनीला यातना होऊ लागल्या आणि त्या औषधाने आवरेनाशा झाल्या, तर तिला झोपेचे औषध देऊन शांतपणे जाऊ देता येते. तोही उपचारच. धाकटा रडू लागला. आजी मात्र शांत राहिली. तिने विचारले, "ती वेळ आली, हे आम्ही कसं ओळखायचं?"

पशुवैद्यांनी अक्काच्या हातातील वहीकडे पाहिले. "तो उन्हाचा रकाना सलग तीन दिवस 'नाही' झाला, की मला कळवा. मी घरी येईन."

पुढचे काही दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मनी अन्न हुंगून बाजूला होई. आजीच्या चमच्यातील दोन थेंब तेवढे चाटे. सुईचा तिला त्रास होऊ लागला, तेव्हा आईने पशुवैद्यांना विचारून ती बंद केली. एके दिवशी उन्हाच्या रकान्यात 'नाही' आले. दुसऱ्या दिवशीही 'नाही'. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का शाळेला निघताना पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होती. मनी सोप्यात पोत्यावर निजली होती. वडिलांनी पशुवैद्यांना निरोप दिला होता. ते संध्याकाळी येणार होते.

दुपारी अक्का घरी आली, तेव्हा आजी वृंदावनाच्या पायरीवर बसली होती. तिच्या पदराखाली काहीतरी झाकलेले होते. वही शेजारी उघडी पडली होती आणि तिच्यावर चष्मा ठेवलेला होता. त्या दिवसाची ओळ अक्काने भरलेली नव्हती. ती आजीने मोठ्या, वळणदार, थरथरत्या अक्षरांत भरली होती.

पाणी – एक घोट. अन्न – नाही. उलटी – नाही. ऊन – घेतले. आपण होऊन चालत आली. मांडीवर.